'पण तुझं नक्की काय?' : बाय लोकांना आपली वाटेल अशी जागा

ज्यांना इयरफोन लावणं शक्य नाही त्यांच्यासाठी, नेहमीसारखं, या भागाचं लिखित रूप.

आधी शब्दाचं बघू. मराठीत 'उभयलिंगी' म्हणतात खरं, पण शाळेत आपण गांडूळ उभयलिंगी असतं असं शिकलोय ना! तिथे विषय शरीराचा, इथे आकर्षणाचा. म्हणून मी सरळ 'बाय' म्हणते. एकाहून जास्त लिंगांच्या माणसांबद्दल ओढ वाटू शकते, इतकंच. ती सारख्याच प्रमाणात असते असं नाही, आणि एका वेळी दोन जोडीदार हवेत असंही नाही.

मी स्वतः बाय आहे. एका क्वीअर गटाच्या भेटीला तेव्हाच्या बॉयफ्रेंडसोबत गेले, तर दारातच विचारलं, "तुम्ही सपोर्ट करायला आलात का?" आता बघा, १९७० साली न्यूयॉर्कमध्ये पहिला प्राइड मार्च निघाला, त्याच्या संयोजकांपैकी ब्रेंडा हॉवर्ड बायच होती. १९९८ पासून आपला गुलाबी-जांभळा-निळा झेंडा आहे. १९९९ पासून २३ सप्टेंबर हा आपला दिवस आहे. तरी दारात पुरावा मागतात!

घरी वेगळीच गंमत. २०१८ च्या निकालाने कायद्याची भीती गेली, पण आई म्हणते, "मुलगेही आवडतात ना? मग अडचण काय? स्थळं बघू." म्हणजे खरं सांगितलं तर तेच लग्नासाठी वापरलं जातं. आणि गटात गेलं तर ऐकायचं, "तुझं काय, तू कधीही लग्न करून मोकळी होशील." दोन्हीकडून तेच. मग माणूस गप्प बसतो, किंवा यायचंच बंद करतो.

म्हणून गट चालवत असाल तर आधी एक करा. जोडीदार कोण, आधी कोण होतं, 'किती टक्के', हे कुणालाच विचारू नका. नाव विचारा, चहा द्या. नवऱ्यासोबत आलेली बाईसुद्धा बाय असू शकते, हे गृहीत धरून बोला.

फोनचं जपा. अनेक जण विवाहित असतात, घरी माहीत नसतं. साध्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरली तर दिसत नाहीत. फक्त निरोप पोचायला तुमचा नंबर त्यांच्याकडे सेव्ह हवा. फोटो विचारूनच काढा, नाहीतर काढूच नका.

आणि एक विषय, जो सगळे टाळतात. काही जोडपी अशा ठिकाणी 'तिसरी' शोधायला येतात. बाय मुलींना याचा फार वैताग येतो. 'इथे कुणी कुणाला पटवायला येत नाही' हे आमंत्रणातच लिहा, आणि तरीही कुणी त्रास दिला तर त्याला बाहेर काढायचं काम कोण करणार, ते त्या दिवसाआधी ठरवून ठेवा. त्या मुलीवर ते सोडू नका.