आयआयटीतील मुलींच्या वाढीव जागा

आयआयटीच्या बी. टेक. वर्गांत २०१६ च्या सुमारास मुलींचे प्रमाण जेमतेम आठ टक्के होते. त्यावर उपाय म्हणून २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा सुरू झाल्या. उद्दिष्ट पहिल्या वर्षी १४ टक्के, मग १७ आणि २०२० मध्ये २० टक्के. या जागा मूळ जागांखेरीज असल्याने मुलांच्या जागा त्यामुळे घटल्या नाहीत. वाद घालताना नेमके हेच विसरले जाते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होण्याची अट मुलींनाही आहेच. जागावाटपात मुलीचा विचार आधी फक्त मुलींच्या जागांसाठी होतो, तिथे न जमल्यास सर्वांसाठीच्या जागांवर. मात्र मुलीला कोचिंगसाठी कोट्याला किंवा लातूरला धाडायचे की नाही, हे घरातच ठरते. तिथे होणारी गळती या जागांनी थांबत नाही.