फोनमधला लिलाव

ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला मासळीचा लिलाव होतो. पहाटे बोटी लागतात. पाट्या उतरतात. माणसे पाटीभोवती गोळा होतात. एकजण बोली लावतो, दुसरा ती चढवतो. ज्याची बोली मोठी, त्याची पाटी. गोराईच्या, मनोरीच्या, उत्तनच्या माणसाला हे काही नवे नाही.

लिलावात विकणारा असतो, घेणारा असतो आणि मासळी असते. विकणारा बोलतो, घेणारा बोलतो. मासळीला मात्र कोणी विचारत नाही.

असाच एक लिलाव आज आपल्या फोनमध्ये चालतो. तो दिवसातून कितीतरी वेळा होतो. आपल्याला तो दिसत नाही, ऐकू येत नाही. त्या लिलावातल्या पाटीत कोण असते? आपण असतो. कसे, ते आता पाहू.

आजीला पडलेला प्रश्न

समजा, गोराईत एक आजी आहे. ती रोज फेरीबोटीने खाडी ओलांडते आणि बोरिवलीला म्हावरे विकते. तिचे जाळे फाटले आहे. नवे जाळे घ्यायचे आहे. रात्री ती नातीला म्हणते, "पोरी, जाळ्याची किंमत काय चाललीय, बघ जरा फोनवर."

नात फोनवर किंमत शोधते. दोघी झोपतात.

सकाळी आजी फोन उघडते. पाहते तो काय! जाळ्यांच्या जाहिराती. होडीच्या इंजिनाच्या जाहिराती. आणि खाली एक मोठी पाटी: दहा मिनिटांत कर्ज, कागदपत्र नको.

आजी म्हणते, "अगं, मला पैशाची नड आहे हे याला कसं कळलं? हा फोन चोरून ऐकतो की काय?"

पुष्कळ लोकांना असेच वाटते. फोन बोलणे ऐकतो, असे ते म्हणतात. कंपन्या हे नाकारतात. पण खरे सांगायचे तर कान लावण्याची गरजच पडत नाही. नातीने रात्री काय शोधले, एवढे पुरे झाले. जाळे शोधणारा माणूस मच्छीमार असणार. मच्छीमार नवे जाळे शोधतो, म्हणजे त्याला खर्च आहे. खर्च आहे, म्हणजे कर्ज लागेल. एवढा हिशेब यंत्र आपोआप करते.

वाण्याची वही

तुम्ही म्हणाल, यात नवे काय? आपला वाणीही आपल्याला ओळखतोच. त्याच्या वहीत आपली उधारी असते. घरी पाहुणे आले की साखर जास्त जाते, हे त्याला कळते.

खरे आहे. पण वाण्याची वही त्याच्या दुकानात राहते. डॉक्टरने काय औषध दिले, ते त्या वहीत नसते. आपण बसने कुठे गेलो, कोणाशी किती वेळ बोललो, रात्री किती वाजता जागे होतो, हेही नसते. आणि वाणी आपल्याला चुकीचे सांगू लागला, तर आपण त्याच्या दारात जाऊन जाब विचारू शकतो.

आता अशी कल्पना करा. गावातल्या सगळ्या दुकानांच्या वह्या, दवाखान्यातली वही, बसच्या तिकिटांची वही, डाकघरातली वही एका माणसाने एकत्र शिवल्या. त्यात प्रत्येकाचे एक पान केले. तो माणूस गावात राहत नाही. त्याचे तोंड आपण पाहिलेले नाही. आपले पान मात्र त्याच्याकडे आहे.

मोठ्या जाहिरात कंपन्यांचे काम साधारण असे आहे. त्या पानावर आपले नाव असलेच पाहिजे असे नाही. प्रत्येक फोनला जाहिरातीसाठी एक क्रमांक असतो. त्या क्रमांकावर माहिती साठत जाते.

लिलाव कसा होतो?

पूर्वीची जाहिरात सर्वांना एकच असे. आपल्या गोराईचेच उदाहरण घ्या. १९८९ साली येथे एस्सेलवर्ल्ड हे करमणुकीचे मोठे उद्यान सुरू झाले. त्याची जाहिरात टीव्हीवर लागे. मुंबईतल्या चाळीत जी जाहिरात दिसे, तीच बंगल्यात दिसे. त्यात काही खोटे असते, तर ते सर्वांनी मिळून पाहिले असते आणि सर्वांनी मिळून विचारले असते.

आताची जाहिरात माणूस पाहून दिली जाते. तुम्ही फोनवर बातमीचे पान उघडता. पान उघडायला डोळ्याचे पाते लवायचाही वेळ लागत नाही. तेवढ्यात त्या पानावरच्या जागेचा लिलाव होतो. पुकारणारेही यंत्र आणि बोली लावणारेही यंत्र. पुकारताना सांगितले जाते: फोन अमुक बनावटीचा, माणूस साधारण अमुक भागातला, अमुक पान वाचतो आहे, त्याला अमुक गोष्टीत रस आहे. ज्याची बोली मोठी, त्याची जाहिरात दिसते.

यात आणखी एक गोम आहे. जे बोली हरले, त्यांच्याही कानांवर आपली माहिती पडलेली असते.

कंपन्या म्हणतात, आम्ही तुमची माहिती विकत नाही. बरे, मान्य करू. मग त्या काय विकतात? त्या आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट विकतात. आपल्या डोळ्यांपुढची जागा विकतात.

फुकट म्हणजे काय?

शोधणे फुकट, नकाशा फुकट, व्हिडिओ फुकट, निरोप पाठवणे फुकट. मग कंपन्या जगतात कशावर?

गूगलच्या मूळ कंपनीला २०२३ साली जी मिळकत झाली, तीत दर शंभर रुपयांमागे सुमारे ७७ रुपये जाहिरातीचे होते. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ज्या कंपनीचे आहेत, त्या मेटा कंपनीचे शंभरातले सुमारे ९८ रुपये जाहिरातीचे होते.

व्हॉट्सॲप तर आपल्या कोळीवाड्यात घरोघर आहे. २०१४ साली फेसबुकने ते सुमारे १९०० कोटी डॉलर देऊन विकत घेण्याचे जाहीर केले. एवढा पैसा कोणी धर्मादाय घालत नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून कुलूपबंद असतो. तो कंपनीला वाचता येत नाही. पण पत्राचे पाकीट बंद असले, तरी पाकिटावरचा पत्ता दिसतोच. कोण कोणाशी बोलतो, केव्हा बोलतो, किती वेळा बोलतो, हे कंपनीला कळू शकते. २०२५ साली व्हॉट्सॲपच्या स्टेटसच्या पानावर जाहिराती आणण्याचेही कंपनीने जाहीर केले.

एकाने दार उघडले, वाडी उघडी पडली

तुम्ही म्हणाल, माझ्या फोनात काय ठेवले आहे? मला लपवायचे काय? तर हे ऐका.

२०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका नावाच्या कंपनीचे प्रकरण जगभर गाजले. फेसबुकवर एक प्रश्नावली होती. लोक गंमत म्हणून ती भरत. प्रश्नावली भरणाऱ्याची माहिती तर गेलीच, पण त्याच्या मित्रांचीही गेली. फेसबुकने सांगितलेले आकडे असे आहेत: भारतात ३३५ लोकांनी ते ॲप घेतले होते. त्यामुळे ५ लाख ६२ हजारांवर लोकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती. ती माहिती निवडणुकीच्या प्रचारासाठी वापरल्याचा आरोप झाला. २०१९ साली अमेरिकेच्या सरकारी आयोगाने फेसबुकला ५०० कोटी डॉलर दंड केला.

३३५ माणसांनी दार उघडले आणि लाखोंची घरे उघडी पडली. म्हणून आपला फोन हा एकट्याचा नाही. त्यात आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर आहेत.

पैशाचा हात

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. लिलावात पैसा बोलतो. ज्याच्याकडे पैसा अधिक, त्याचे म्हणणे अधिक लोकांपुढे जाते. कोणाला दाखवायचे आणि कोणाला नाही, हेही तोच ठरवतो.

अमेरिकेत २०१९ साली सरकारच्या गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर आरोप ठेवला. घरांच्या जाहिराती माणसाचा वर्ण, धर्म असे काही पाहून दाखवल्या जातात आणि काहींना त्या दिसतच नाहीत, असा तो आरोप होता. २०२२ साली कंपनीला सरकारशी तडजोड करून ती पद्धत बदलण्याचे मान्य करावे लागले. ज्याला जाहिरात दिसलीच नाही, तो तक्रार तरी कशी करणार? आपल्याला काय दाखवले नाही, हे आपल्याला कधीच कळत नाही.

आपल्या बेटावर पर्यटनाच्या मोठ्या योजना आल्या, तेव्हा गावकरी एकत्र जमले, बोलले, विरोधाला उभे राहिले. कारण सर्वांना एकच गोष्ट दिसत होती. उद्या जर प्रत्येक घराला वेगळी जाहिरात दिसली तर? एकाला नोकरीचे स्वप्न, दुसऱ्याला जमिनीचा भाव, तिसऱ्याला काहीच नाही. मग गाव एकत्र बसून बोलणार कशावर?

नडलेल्या माणसाला तर हा लिलाव फार महाग पडतो. आजीला कर्जाची जाहिरात दिसली. ती खऱ्या बँकेची आहे की लुबाडणाऱ्याची, हे आजीला कसे कळावे? कित्येक कर्जाच्या ॲपनी आधी फोनमधले सगळे नंबर घेतले. मग हप्ता चुकताच नातेवाइकांना फोन करून कर्जदाराची अब्रू काढली. अशा तक्रारी देशभर झाल्या. म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केले. कर्जाच्या ॲपने फोनमधले नंबर, फोटो, फोन केल्याची यादी यांना हात लावायचा नाही.

अंगठा आणि बटण

आपल्या मुलखात हे अगदीच नवे नाही. पूर्वी सावकार कागद पुढे करी. शेतकऱ्याला वाचता येत नसे. तो अंगठा उठवी. कागदात काय लिहिले, ते पुढे कोर्टात कळे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. तो उठाव आसपासच्या गावांत पसरला. मग १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. कर्जाचे कागद सरकारी नोंदणी करणाऱ्यापुढे व्हावेत, असे त्यात ठरले.

आजही आपण अंगठाच उठवतो. फोनवर एक लांबलचक कागद येतो. खाली बटण असते: मान्य आहे. आपण न वाचता अंगठ्याने ते दाबतो. वाचता येणारा माणूसही तेच करतो!

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने लोकांच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कायदा टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत:

कंपनीने माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी. ती सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे.

दिलेली संमती आपल्याला परत घेता येते.

आपली माहिती दुरुस्त करा किंवा पुसून टाका, असे आपण सांगू शकतो.

मोठी कंपनी म्हणजे कायद्याच्या वर, असेही नाही. व्हॉट्सॲपने २०२१ साली नवी अट घातली होती: माहिती फेसबुकला देणे मान्य करा, नाहीतर सोडा. या अटीबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी रुपये दंड केला. कंपनी त्यावर अपिलात गेली.

आपण काय करावे?

फोन टाकून द्यायचा नाही. फोन उपयोगाचा आहे. वादळाची सूचना त्यावर येते, पोरांचा अभ्यास होतो. पण घर उपयोगाचे आहे म्हणून कोणी दार सताड उघडे ठेवत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांचे पान असते. ते उघडा. बॅटरीच्या ॲपला आपले नंबर कशाला हवेत? खेळाच्या ॲपला आपण कुठे आहोत हे कशाला हवे? नको त्या परवानग्या बंद करा. अँड्रॉइड फोनमध्ये गूगलच्या सेटिंगात जाहिरातीचे पान आहे. तेथे जाहिरातीचा क्रमांक पुसून टाकता येतो. न वापरलेली ॲप काढून टाका.

जाहिरात पाहून कर्ज घेऊ नका. आधी आपल्या बँकेत किंवा मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारा. फोनवर पैशांची फसवणूक झाली, तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. उशीर करू नका, लाजू नका.

आणि घरातल्या सगळ्यांनी एकदा आपापले फोन शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोणाला कोणती जाहिरात दिसते? का दिसते? पाटीतल्या मासळीला बोलता येत नाही. आपल्याला येते. आणि आता वाचताही येते.

विचार करा, वर्गात बोला

१. वाण्याची वही आणि कंपनीची वही यांत फरक कोणता?

२. तुमच्या फोनमधल्या कोणत्या ॲपला नंबरांची परवानगी आहे? ती का दिली?

३. गावातल्या प्रत्येकाला वेगळी जाहिरात दिसली, तर ग्रामसभेत काय अडचण येईल?