बजाजनगरची पहिली पिढी आणि तिचे डोळे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. तेव्हा पंचविशीत कामाला लागून बजाजनगरात स्थिरावलेला कामगार आज पासष्टीच्या आसपास आहे. या वयात नजर मंदावली की घरचे म्हणतात, ‘वयच झालं आता.’ हे वाक्य फार नुकसान करतं.

2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सुमारे 66 टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे बरी होऊ शकणारी नजर माणसं गमावून बसली आहेत. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट पाहणं आता गरजेचं नाही. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. धूसर झालेलं भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येतं.

काचबिंदूचं मात्र तसं नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. तो बहुधा दुखत नाही आणि बाजूची नजर आधी खातो. समोरचं नीट दिसत असल्यामुळे माणूस निर्धास्त राहतो, पण वाळूजच्या रस्त्यावर बाजूने येणारी दुचाकी दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी, कधी शस्त्रक्रियेने राखता येते. म्हणून दुकानातून तयार चाळिशी आणली तरी डोळ्यांचा दाब आणि मागची शीर तपासून घ्यावीच. मधुमेह असेल तर दरवर्षी पडदाही. शहरात घाटी रुग्णालयात नेत्रविभाग आहे. घरात कुणाला काचबिंदू निघाला, तर त्याच्या भावंडांनीही तपासणी करावी.