इतिहासकाराने कादंबरी का लिहावी?

१९१४ साली दोन ऐतिहासिक कादंबऱ्या निघाल्या आणि दोन्हींचे लेखक हाडाचे इतिहास-अभ्यासक होते. मराठीत चिंतामण विनायक वैद्यांची ‘दुर्दैवी रंगू’, बंगालीत राखालदास बॅनर्जींची ‘शशांक’. कल्याणचे वैद्य ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश होते, महाभारताच्या व्यासंगामुळे ‘भारताचार्य’ म्हणून ओळखले गेले आणि पुढे १९२१ ते १९२६ या काळात त्यांनी मध्ययुगीन हिंदू भारताचा, म्हणजे साधारण इ.स. ६०० ते १२०० या काळाचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. राखालदास पुरातत्त्व खात्यातले. मोहेंजोदडोच्या उत्खननाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. अशा माणसांनी कादंबरीच्या वाटेला जावे, याचे अनेकांना कोडे पडते. मला ते स्वाभाविक वाटते. पुरावा कुठवर पोचतो हे ज्याला नेमके ठाऊक असते, त्याच्या हाती कल्पना सोपवण्यात धोका सर्वांत कमी. आणि ज्या प्रदेशाचा इतिहास बाहेरच्यांच्या बखरींत, दोन-चार ओळींत उरला आहे, त्याला तर अशा लेखकाची गरज अधिक.

या दोघांच्या वाटा मात्र निराळ्या होत्या. राखालदासांनी आपल्याच अभ्यासाचा काळ कादंबरीसाठी घेतला. सातव्या शतकातला गौडाधिपती शशांक आपल्याला कळतो तो मुख्यतः त्याच्या विरोधकांच्या तोंडून. सम्राट हर्षाचा थोरला भाऊ राज्यवर्धन याला गौडराजाने दग्याने मारले असे सांगणारा बाण हर्षाच्या पदरी होता, आणि शशांकाची निंदा करणारा ह्युएन त्संग हर्षाचा पाहुणा. शशांकाची बाजू मांडणारा ग्रंथच हाती नाही. इतिहासकार फार तर एवढे बजावू शकतो की साक्षीदार एका पक्षाचे आहेत. शशांकाच्या बाजूने जग कसे दिसले असेल, हे कादंबरीकार रंगवू शकतो. वैद्यांनी कथेसाठी आपला मध्ययुगाचा प्रांत सोडला आणि पानिपत निवडले. पण शीर्षकात ना भाऊसाहेब, ना विश्वासराव. तिथे रंगू आहे, एक बाई. पेशवे दप्तरात मोहिमांचा, कर्जाचा, फौजेच्या खर्चाचा हिशेब मिळतो. अशा रंगूचे मन मिळत नाही. आयुष्यभर साक्षीपुरावा तोलणाऱ्या न्यायाधीशाने कल्पनेची मदत घेतली ती नेमकी इथे.

आता असाच दोन-चार ओळींत उरलेला प्रदेश म्हणून खानदेशातल्या म्हसावदकडे पाहू. शहादा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव. याच तालुक्यातले सुलतानपूर आणि शेजारचे नंदुरबार मध्ययुगात मोठी ठाणी होती. थाळनेर ही जहागीर मिळालेल्या मलिक राजा फारुकीने चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुलतानपूर-नंदुरबारवर चाल केली आणि गुजरातच्या मुजफ्फरशाहाने त्याला मागे रेटत थाळनेरपर्यंत आणले. अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त नंदुरबारचे सरकार माळवा सुभ्यात मोडते. म्हणजे आज खानदेशाचा म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा कधी गुजरातचा, कधी माळव्याचा, कधी फारुकींच्या नजरेत भरलेला होता. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेशाचे फारुकी राज्य मोगलांकडे गेले. दोनशे वर्षांहून जास्त टिकलेल्या या राज्यावर मराठी कादंबरीने कितीसे लिहिले? गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून आपली ऐतिहासिक कादंबरी शिवकाल आणि पेशवाईच्या आसपासच मुख्यतः फिरत राहिली. शेजारी गुजरातीत कन्हैयालाल मुनशींनी पाटणच्या सोळंकी राज्याला घरोघरी पोचवले. तापीकाठ मात्र कोरडाच राहिला.

सामग्री नाही म्हणावे तर तसेही नाही. असीरगड फारुकींच्या हाती कसा आला याची इतिहासकार फिरिश्त्याने सांगितलेली हकिकत घ्या. आसा अहीर हा गुराढोरांचा आणि धान्याचा धनी. दुष्काळात त्याच्या बायकोने नवऱ्याची परवानगी काढून गोरगरिबांना धान्य वाटले. फारुकी राजा मलिक नासीरने आसाकडे आपल्या कुटुंबकबिल्यासाठी गडावर आसरा मागितला. आधी डोल्यांतून खऱ्याच बायका आल्या. नंतरच्या डोल्यांत हत्यारबंद शिपाई होते. स्वागताला आलेला आसा मुलांसह मारला गेला. इथे इतिहासकार थबकतो. फिरिश्त्याने हे लिहिले ते विजापुरात, घटनेनंतर दोन शतकांनी. शिवाय डोल्यांचा हाच डाव शेरशाहाने रोहतासगड घेतला त्या कथेतही येतो, त्यामुळे हा गड घेण्याच्या गोष्टींचा ठरीव साचा असावा अशी शंका रास्त आहे. आसा हरला एवढे मान्य करून इतिहासकार डोल्यांच्या डावापुढे प्रश्नचिन्ह टाकतो. कादंबरीकाराचे काम तिथून सुरू होते. डोली उचलणाऱ्या भोयांना वजनातला फरक कळला नसेल का? धान्य वाटणारी ती बाई हकिकतीत नावाशिवाय येते आणि जाते. गड पडला तेव्हा तिचे काय झाले? दप्तर याचे उत्तर देणार नाही. पण हे प्रश्न सुचायला आधी फिरिश्त्याची हकिकत तपासून वाचलेली असावी लागते.

यावरचा मुख्य आक्षेप गंभीर आहे. वाचक कादंबरीलाच इतिहास समजतो, आणि एकदा रुजलेले चित्र निघता निघत नाही. संभाजी महाराजांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नाटक-कादंबऱ्यांनी त्यांना व्यसनी, बेजबाबदार ठरवले. ते चित्र पुसायला वा. सी. बेंद्रे यांना उभे आयुष्य कागदपत्रांत घालवावे लागले आणि त्यांचे चरित्र आले ते १९६० मध्ये. पण हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. ते नुकसान झाले ते शत्रुपक्षाच्या आणि उशिराच्या बखरींना आंधळेपणाने प्रमाण मानल्यामुळे. साक्षीदार कोण, तो कोणाच्या पदरी, त्याने किती वर्षांनी लिहिले, हे प्रश्न विचारण्याची सवय असलेला माणूस लिहिता असता तर ती चूक टळण्याची शक्यता जास्त होती.

दुसरा आक्षेप असा की अभ्यासकाची कादंबरी माहितीच्या ओझ्याने वाकते. तसे होतेही, सनावळ्यांनी भरलेली पात्रे आपण पाहिली आहेत. पण तो लेखणीचा दोष आहे, विद्वत्तेचा नव्हे. मध्ययुगीन तत्त्वज्ञानाचा अभ्यासक उंबेर्तो एको याने १९८० मध्ये १३२७ सालच्या एका मठातली खुनांची गोष्ट लिहिली. तीत धर्मशास्त्राचे वाद पानोपानी आहेत, तरी जगभरच्या वाचकांनी ती उचलून धरली. काळाची बारीक माहिती तिथे कथेला अडवत नाही. संशय कोणावर जावा हे ठरवते.

तिसरी शंका वैद्यांच्याच उदाहरणातून निघते. ज्या सहा शतकांवर त्यांनी तीन खंड लिहिले, त्या काळावर कादंबरी लिहिली नाही. म्हणजे दोन्ही कामे वेगळी ठेवावीत असेच त्यांना वाटत असेल का? मनातले हेतू आपण ठरवू नयेत. परिणाम मात्र चांगला झाला: खंडांतल्या विधानाला कादंबरीचा वास लागला नाही. राखालदासांसारखे त्याच काळावर दोन्ही लिहायचे असेल, तर शिस्त कडक हवी. शोधनिबंध आधी, कादंबरी नंतर; आणि कादंबरीच्या शेवटी कोणती माणसे कागदांत सापडतात आणि कोणती लेखकाने घडवली, हे दोन पानांत स्पष्ट सांगणे. मराठी प्रकाशकांनी ही दोन पाने सक्तीची करावीत.

नंदुरबार, शहादा, धुळे इथल्या महाविद्यालयांत इतिहास शिकवणारे आणि शिकणारे कमी नाहीत. त्यांनी सुलतानपूर आणि थाळनेरवर आधी साधार लिहावे, आणि त्यातल्या एखाद-दुसऱ्याला कथनाची हातोटी असेल तर त्याने न लाजता कादंबरी हाती घ्यावी. त्यासाठी त्याची अभ्यासक म्हणून पत कमी लेखण्याचे कारण नाही. खानदेशाचे मध्ययुग आज मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहे, आणि ते ओळखीचे करायला या दोन्ही लेखण्या लागतील.