खिल्लारी वासराचा तांबूस माथा : वयानुसार होणाऱ्या वर्णपालटाचा विचार

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा हे गाव नवापूर तालुक्यात, गुजरातच्या सीमेच्या निकट वसले आहे. या सीमेचे बंधन गुरांस नाही. जवळच्या नवापूर स्थानकाचा फलाट निम्मा महाराष्ट्रात व निम्मा गुजरातेत आहे. गुरांच्या जातींचेही तसेच. पश्चिमेकडून कांकरेज व गीर, दक्षिणेच्या डोंगरपट्ट्यातून डांगी आणि उत्तरेच्या तापी-सातपुडा पट्ट्यातील खिल्लारी अशा भिन्न रक्ताच्या जनावरांचा येथे मेळ पडतो. अशा ठिकाणी जनावराची जात रंगावरून ओळखण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि वासराच्या बाबतीत हाच मोह घातक ठरतो.

जोशी व फिलिप्स यांनी हिंदुस्थान व पाकिस्तान येथील वशिंडाच्या गुरांवर लिहिलेला ग्रंथ १९५३ साली जागतिक अन्न व शेती संघटनेने प्रसिद्ध केला. त्यात खिल्लारी जातीचे चार प्रकार मानले आहेत : हणम किंवा आटपाडी महाल, म्हसवड, तापी आणि नकली. यांपैकी तापी खिल्लारी ही तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील, म्हणजे आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या प्रदेशातील. तिचा रंग पांढरा. नाक व खूर मात्र गाजरी छटेचे. नकली प्रकारात अंगाचा रंग करडा असून पुढच्या भागावर विटकरी झाक असते. हे वर्णन प्रौढ जनावराचे आहे, हे येथे विसरता कामा नये.

खिल्लारी वासरू जन्मते तेव्हा त्याच्या माथ्यावर, शिंगे फुटावयाच्या जागेभोवती, गंजासारखा तांबूस रंग असतो. सुमारे दोन महिन्यांत तो नाहीसा होतो. कांकरेज वासराच्या माथ्यावरही असाच रंग असतो, परंतु तो जावयास सहा ते नऊ महिने लागतात. गीर जनावराचा तांबडेपणा याहून निराळा; तो आयुष्यभर टिकतो. म्हणून तीन आठवड्यांच्या वासराचा तांबूस माथा पाहून त्यात गीरचे रक्त आहे असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चूक होय. उलट पाच महिन्यांच्या, खिल्लारी म्हणून दाखविलेल्या खोंडाच्या माथ्यावर तोच रंग कायम असेल, तर वंशावळीची चौकशी अवश्य करावी. रंग तोच, अर्थ वयाने बदलतो.

हा वर्णपालट घडतो कसा? केस हा मृत केराटिनाचा धागा आहे. त्वचेबाहेर आल्यावर त्यात नवे रंगद्रव्य शिरत नाही. रंग भरला जातो तो रोमकूपाच्या तळाशी, केस तयार होत असतानाच. तेथील रंजकपेशी आपले कण वाढत्या केसाच्या पेशींत सोडतात. तेव्हा वासराचा रंग ‘उडतो’ हा बोलीतला प्रयोग शास्त्रदृष्ट्या सैल आहे. जुना केस गळतो, नवा वेगळ्या रंगाचा उगवतो, इतकेच.

रंजकपेशी दोन प्रकारचे मेलॅनिन बनवितात. युमेलॅनिन काळे-तपकिरी, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळे. कोणते बनावयाचे, हे पेशीच्या पृष्ठावरील एका ग्राहकावर अवलंबून असते. मेलॅनोकॉर्टिन संप्रेरकाने तो उद्दीपित झाला की काळे द्रव्य निपजते. अगूटी जनुकापासून होणारे प्रथिन त्यास अटकाव करू लागले की पेशी तांबूस द्रव्याकडे वळते. हे प्रथिन शरीराच्या सर्व भागांत किंवा आयुष्याच्या सर्व काळांत सारख्या प्रमाणात निर्माण होत नाही. एकाच प्राण्याच्या अंगावर निरनिराळ्या छटा दिसतात त्या यामुळे. जन्मकाळी माथ्यावर फिओमेलॅनिन आणि पुढे जवळजवळ रंगहीन केस, असा क्रम करड्या-पांढऱ्या गुरांत अनेक ठिकाणी आढळतो. इटलीच्या किआनिना जातीची वासरे गव्हाळ रंगाची जन्मतात व काही महिन्यांत पांढरी होतात. आपल्या ओंगोल गुरांपासून ब्राझीलमध्ये वाढविलेल्या नेलोर जातीवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अंगावरील गडद छटेचा संबंध अगूटी जनुकाच्या परिसरातील फेरफाराशी जोडण्यात आला आहे. खिल्लारीच्या अभ्यासकाने आरंभ येथूनच करणे योग्य.

वर्णपालटाचा दुसरा टप्पा तारुण्याचा. खिल्लारी वळूची मान, वशिंड व मागचा भाग वयात येताना गडद होतो. गाय फिकीच राहते. लहानपणीच खच्ची केलेल्या बैलाच्या अंगावर ही छटा चढत नाही. तेव्हा तिचे कारण वृषणांतील संप्रेरक होय हे उघड आहे. काळविटाच्या नराचे काळे पडणे व नीलगाईच्या नराचे निळसर होणे हीही याच जातीची उदाहरणे. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते : पैदाशीसाठी वळू निवडताना ‘अधिक पांढरा तो अधिक शुद्ध’ हा समज धरल्यास, ज्यात नरत्वाची लक्षणे ठळक आहेत तेच खोंड बाद होण्याचा संभव असतो.

सर्वच रंगबदल वयाचे नसतात, आणि येथे चूक अधिक महाग पडते. काळ्या म्हशीच्या अंगावर तपकिरी झाक आली तर दोन शक्यता असतात. उन्हाने केसांची टोके विटतात. परंतु बोटांनी केस विलग करून पाहिल्यास बुंधा काळाच दिसतो. बुंध्यापासूनच केस फिका असेल, विशेषतः डोळ्यांभोवती चष्म्यासारखे फिके वर्तुळ असेल, तर ताम्राच्या न्यूनतेचा संशय घ्यावा. मेलॅनिन बनविणाऱ्या टायरोसिनेज या विकरास ताम्र अनिवार्य असते. चाऱ्यात ताम्र पुरेसे असूनही मॉलिब्डेनम व गंधक यांच्या आधिक्याने ते शरीरास मिळत नाही, असेही घडते. अशा जनावराची वाढ खुंटते, हगवण लागते, माजावर येणे लांबते. म्हशीचे रेडकू मात्र जन्मतः दाट केसांचे व पुष्कळदा तपकिरी असते. त्यास रोगी समजून औषधोपचार करण्याचे कारण नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत जनावरांची नोंद जातिवार करण्यात आली. प्रगणक घरोघरी जातो तेव्हा गोठ्यात प्रौढ गाय असतेच असे नाही; कधी विकत आणलेले वासरू एकटेच असते. खांडबाऱ्यासारख्या सीमेवरील गावी अशा वासराची नोंद माथ्याच्या रंगावरून ‘संमिश्र’ अशी झाली, तर कागदावर तापी खिल्लारी आहे त्याहून विरळ दिसते, आणि विरळ दिसणाऱ्या प्रकारासाठी वळू पुरविण्याची योजना आखताना आकडेच फसवे ठरतात. यास्तव क्षेत्रपाहणी करणाऱ्या विद्यार्थ्याने रंगाच्या रकान्याशेजारी वासराचे वय आठवड्यांत लिहावे, माथा, मान व मागचा भाग यांच्या छटा वेगवेगळ्या नोंदवाव्या, नाक व खुरांचा रंग पाहावा, आणि शक्य तेथे तेच वासरू तीन महिन्यांनी पुन्हा पाहून यावे.