वाळताना वाकणारं लाकूड

मुगाच्या शेंगा तोडायला आपण सकाळीच का जातो? ऊन चढलं की वाळलेली शेंग तडकते, दाणे मातीत उडतात आणि उरतं ते पिळलेलं टरफल. त्याला पीळ कुणी दिला? कुणीच नाही. वाळता वाळता ते आपोआप पिळलं.

अशा शेंगेच्या टरफलात तंतूंचे थर असतात, आणि एका थरातले तंतू दुसऱ्याला आडवे जातात. वाळताना प्रत्येक थर आपापल्या दिशेने आकसू पाहतो. पण थर तर एकमेकांना चिकटलेले! मग ओढाताण होते आणि टरफल पिळतं.

लाकडाचंही तसंच आहे. ओल गेली की ते रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ओल शिरली की रुंदीतच फुगतं. म्हणून तर श्रावणात दार चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फट पडते.

या खोडीचाच उपयोग जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठातल्या मंडळींनी करून घेतला. तिथल्या उरबाख गावी २०१९ साली त्यांनी १४ मीटर उंच लाकडी मनोरा उभारला. त्याचे १२ भाग आधी सपाट फळ्याच होते. ओलसर लाकडाचे दोन थर, एकाच्या रेषा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, असे चिकटवले आणि वाळवले. वाळताना फळ्या आपणहून वाकल्या. किती वाकतील याचा हिशेब आधीच केलेला होता. एरवी एवढं जाड लाकूड वाकवायला मोठी दाबयंत्रं आणि साचे लागतात. इथे ते काम ओल जाण्यानेच झालं. वाकलेले भाग मग एकमेकांवर चिकटवून आकार पक्का केला. भिंतीची जाडी अवघी ९ सेंटिमीटर, पण बाकामुळे तिला बळ आलं.

आपल्याला मनोरा बांधायचा नाही. पण घराचं दार करून घेताना एक गोष्ट नक्की विचारा: लाकूड पुरतं वाळलंय का? ओल्या लाकडाचं दार स्वस्त पडेल, पण ते आपल्या दारात वाळेल आणि वाकेल. तिथे वाकणं आपल्या हिशेबातलं नसतं. पैसे मात्र आपलेच गेलेले असतात.

लाकूड वाकणारच. ते कुठे वाकू द्यायचं, हे आधी ठरवलं तर मनोरा होतो. नाही ठरवलं तर दार अडकतं.