वरून वावर दिसते का?

आमच्या वऱ्हाडातल्या खेड्यात हेलिकॉप्टर उतरायचं ते बहुधा दोनच निमित्तांनी. निवडणूक आली म्हणजे, नाहीतर पूर ओसरला म्हणजे. त्याची तयारी मी लहानपणापासून पाहिली आहे. शाळेच्या मैदानावर मुरूम टाकायचा, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारायचं, चुन्याचा मोठा गोल काढून त्यात इंग्रजी ‘एच’ रेखायचा आणि एका कोपऱ्यात ओला पाला पेटवून धूर करायचा. हा धूर कशासाठी, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वारा कोणत्या अंगानं वाहतो ते वैमानिकाला धुरावरून कळतं, आणि शक्यतो वाऱ्याच्या तोंडावरच तो यंत्र उतरवतो.

अशा मुलखातला मी माणूस. निव्वळ मौजेसाठी, तेही द्राक्षमळे वरून बघायला म्हणून कोणी हेलिकॉप्टरमध्ये बसतं, ही गोष्ट मला पन्नाशी उलटेपर्यंत खरी वाटत नव्हती. ऑस्ट्रेलियातलं हंटर खोरं किंवा अमेरिकेतलं नापा खोरं इथं अशा फेऱ्या चालतात, एवढं वाचून माहीत होतं. मागच्या फेब्रुवारीत एका लग्नासाठी नाशिकला गेलो, तेव्हा भाच्यानं परस्पर माझं तिकीट काढून ठेवलं. “मामाजी, तुम्ही आयुष्यभर नकाशे पाहता. एकदा खरा नकाशा पाहा,” तो म्हणाला. तिकिटाचा आकडा त्यानं मला शेवटपर्यंत सांगितला नाही.

मी शिक्षणानं बारावी. विशीत मोजणीदाराच्या हाताखाली साखळी धरायचं रोजंदारीचं काम केलं. गावनकाशा वाचायला तिथंच शिकलो, आणि तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा हे माप डोळ्यांत बसलं ते कायमचं. त्या मापानं वरून काय वाचता येतं आणि काय वाचता येत नाही, याची ही टिपणं. ती करण्यामागं वडिलांचा एक जुना प्रश्नही होता. तो पुढे येईलच.

*

बसण्याआधी आमची वजनं झाली. कोणी कुठं बसायचं ते आवडीवर ठरत नाही, वजनावर ठरतं. भार एका अंगाला गेला तर यंत्राचा तोल सांभाळणं अवघड होतं. माझं वजन बावन्न किलो, म्हणून मला वैमानिकाच्या शेजारची जागा मिळाली. शेपटीकडं कोणी जायचं नाही, ही ताकीद दोनदा दिली गेली. वरची मोठी पाती एका दिशेला फिरली की खालचं धड उलट्या दिशेला फिरू पाहतं. त्याला आवरायला शेपटीवर तो लहान उभा पंखा असतो. वेगात फिरताना तो जवळजवळ दिसतच नाही, म्हणून धोक्याचा.

फेरी सकाळी साडेआठची होती. त्यामागंही कारण आहे. पाती हवा खाली ढकलतात आणि त्या बळावर यंत्र वर उठतं. हवा तापली की विरळ होते, आणि तेवढ्याच फेऱ्यांत ढकलायला कमी हवा मिळते. जमीन समुद्रसपाटीपासून जितकी उंच, तितकी हवा आणखी विरळ. नाशिक सुमारे सहाशे मीटरवर आहे. अकोला त्याच्या निम्म्या उंचीवर, पण मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून अशा फेऱ्या थंडीत आणि सकाळी बऱ्या.

आठ मिनिटांची फेरी. ताशी दीडशे किलोमीटर वेग धरला तर आठ मिनिटांत वीस किलोमीटर होतात. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावरून गिरणाऱ्याच्या अंगानं वळायचं आणि परतायचं. उंची सुमारे तीनशे मीटर. एवढ्या उंचीवरून क्षितिज गणितानं साठ किलोमीटरच्या पुढं असतं. प्रत्यक्षात धुक्यामुळं तितकं दिसत नाही, तरी पश्चिमेला अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे डोंगर स्पष्ट होते.

पहिल्या दोन मिनिटांत मला दोन प्रकारची हिरवळ दिसली. एक सलग, छतासारखी; खालची माती दिसतच नव्हती. दुसरी फणीनं विंचरल्यासारखी, हिरवी ओळ आणि मातीची ओळ. सलग छत म्हणजे खाण्याच्या द्राक्षांचे मांडव. थॉमसन सीडलेससारख्या जातींच्या मण्यांना कडक ऊन थेट लागू नये, म्हणून वेल डोक्याच्या उंचीवर पसरवतात आणि घड पानांच्या सावलीत लोंबतात. विंचरलेल्या ओळी वाइनच्या द्राक्षांच्या. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ, काबर्ने सोव्हिन्याँ या जातींचे वेल तारांच्या उभ्या कुंपणावर चढवलेले असतात. त्यांचा मणी लहान, सालीचा आणि बियांचा. तिथं मण्याच्या देखणेपणाला महत्त्व नाही. रसातली साखर, आंबटपणा आणि सालीतला रंग यांना आहे. त्यासाठी ऊन आणि वारा घडापर्यंत पोचला पाहिजे.

म्हणजे एकाच शिवारातल्या दोन बाजारपेठा वरून ओळखू येतात. एक माल मंडईत आणि निर्यातीला जातो, दुसरा कारखान्यात. ही दुसरी शेती तशी अलीकडची. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली आणि त्यातून ‘सुला’ उभी राहिली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. आपल्याकडं तो झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटावा लागतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पीक येतं ते जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या दिवसांत. पर्यटकही त्याच दिवसांत येतात.

थंडीची मात्र भीती असते. निफाडकडं पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात. शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात, पहाटे बागेला पाणी देतात. न्यूझीलंडमधल्या मार्लबरोत दहिवराच्या रात्री द्राक्षमळ्यांवरून हेलिकॉप्टरच फिरवतात. थंड हवा जड, ती जमिनीलगत बसते; तिच्या वर थोडी उबदार हवा असते. पाती ती उबदार हवा खाली लोटतात. मौजेचं यंत्र तिथं राखणदार होतं.

*

परतीच्या वळणावर मी हिरवळ सोडून पाणी शोधू लागलो. पाणी सगळीकडं होतं. धरणाचा फुगवटा, कालव्याची रेघ, आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यांचे निळे-काळे चौकोन. आमच्याकडंही शेततळी आहेत, पण खारपाणपट्ट्यात कागद सहसा लागत नाही. तिथली चिकण माती पाणी खाली जाऊच देत नाही. हा फरक समजला की वऱ्हाडात द्राक्षमळे का नाहीत, याचं अर्धं उत्तर मिळतं.

दोन्हीकडची माती एकाच काळ्या दगडातून झालेली. अक्षांशातही फार अंतर नाही. नाशिक वीस अंशांवर, अकोला त्याच्या जरा उत्तरेला. पण नाशिकच्या उतारांवर माती उथळ आणि खाली मुरूम. पाणी मुळाशी थांबत नाही, वेलाला तेच हवं असतं. पूर्णेच्या खोऱ्यात उलट. माती कित्येक मीटर खोल, निचरा जवळजवळ नाही, आणि मातीत नि भूजलात क्षार. सोडियम वाढलं की चिकण मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. पाऊस पडला तर वर तुंबतो, ओसरला तर जमीन भेगाळते. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा, जवळपास नऊशे गावांचा. तिथं विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाच्या उपयोगाचं नसतं आणि माणसाच्याही नसतं.

‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात तो वरुड-मोर्शीचा संत्र्याचा भाग पट्ट्याबाहेर, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथं पाणी गोड होतं, म्हणून बागा झाल्या. बागा वाढल्या तशी बोअरवेल खोल खोल गेली, आणि पुढं उपशावर निर्बंध आले. वरून ती संत्र्याची चौकटही सुंदरच दिसेल. बोअर किती फुटांवर आहे, ते दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या गाडीनं मी ओझरकडं गेलो, कारण पाण्याची खरी गोष्ट तिथली आहे. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटच्या टोकापर्यंत पोचत नव्हतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. संस्थेनं पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, आपसात पाळीनं वाटायचं, पट्टी आपणच गोळा करायची. नाल्यांवर बंधारे घालून विहिरींचं पाणी वाढवलं. पुढे वाघाड प्रकल्पाचं सगळंच व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आलं. तिथल्या द्राक्षबागांच्या मुळाशी ही मोजणी आणि पाळी आहे. हेलिकॉप्टरमधून कालवा दिसतो, पाळी दिसत नाही.

*

आता वडिलांचा प्रश्न. आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या पाण्याच्या पल्ल्यात. मी पंचविशीत असताना एका श्रावणात पुराचं पाणी वावरात तीन दिवस थांबलं आणि चौथ्या दिवशी ओसरलं. पाचव्या दिवशी हवाई पाहणी झाली. हेलिकॉप्टर आमच्या शिवारावरून गेलं. वडील धुऱ्यावर उभे राहून दुपट्टा हलवत होते. नुकसानीच्या यादीत आमच्या अंगाचे सर्व्हे नंबर आले नाहीत. पीक उभं आहे, हिरवं आहे, असं उत्तर मिळालं.

आणि ते खोटं नव्हतं. पाणी तुंबलं की कपाशीच्या मुळांना हवा मिळत नाही, पण झाड लगेच पिवळं पडत नाही. काही दिवस ते हिरवं दिसतं, मग पानं लोंबतात, पात्या आणि फुलं गळतात. पाहणीच्या दिवशी आमची कपाशी हिरवी होती. पंधरवड्यानं उपटून पाहिली तर मुळं कुजलेली. त्या वर्षी सीतादही करण्याएवढीही वेचणी झाली नाही. वडील पुढं कैकदा विचारत, “वरून आपलं वावर दिसते का बापा?” मी कधी वर गेलो नव्हतो, सांगणार काय?

आता सांगू शकतो. तीनशे मीटरवरून वावर दिसतं. गुंठ्याचा अंदाज येतो. बांधावरचा माणूस दिसतो. गिरणाऱ्याजवळ द्राक्षं तोडणाऱ्या बायका मला मोजता आल्या, अकरा होत्या. त्यातल्या एकीनं हात केला तोही दिसला. मूळ दिसत नाही, क्षार दिसत नाहीत, विहिरीची चव दिसत नाही.

हल्ली पाहणीला ड्रोन आणि उपग्रहाची जोड आली आहे. उपग्रह हिरवेपणा मोजतो: निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश परतवतं, या फरकावरून पिकाचा अंदाज बांधतात. फार उपयोगाची पद्धत आहे, आणि एकच चित्र न घेता दर आठवड्याचं घेतलं तर आमच्यासारखं वावरही सापडेल. पण पाचव्या दिवसाच्या एका चित्रावर भागवलं, तर उपग्रहही तीच चूक करील. तलाठी आणि कृषी सहायक यांनी वावरात उतरून, झाड उपटून पाहायचा पंचनामा त्यामुळं सुटत नाही. हेलिकॉप्टरचा खरा उपयोग वेगळा आहे. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात पुरानं माणसं अडकली, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवली होती. माणूस उचलायला वरून जाणंच बरं. पीक बघायला मात्र खाली उतरावं लागतं.

अकोल्याला परतल्यावर मी आठ मिनिटांचा नकाशा कागदावर काढला आणि गावी जाऊन आईला दाखवला. ती ऐंशीची आहे. तिनं मांडव, ओळी, कालवा सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, “माणूस दिसते म्हणतं?”

“दिसते. हात केला तरी दिसते.”

“मंग तवा ते थांबले काहून नाई?”

मी तिला पूर्णेवरच्या नेरधामण्याच्या आणि घुंगशीच्या बॅरेजबद्दल सांगू लागलो. तिनं ऐकून घेतलं.